नावडती बाई होण्याचा घाट

वाईट शिकवणं ही जगातली सर्वात सोपी गोष्ट आहे, अशी माझी ठाम समजूत होती. भलेभले लोक आयुष्यभर वाईट शिकवतात, मग मला एक शनिवार का जमू नये? शिवाय कारणही तसंच होतं. धाकट्या बहिणीचं लग्न पुढच्याच महिन्यात ठरलं होतं, आणि "ताई, तू नसशील तर मी बोहल्यावर चढणार नाही," असं तिने फोनवर बजावलं होतं. मीही शब्द देऊन बसले होते.

अडचण रजेची होती. मी परदेशात एका खाजगी संस्थेत लहान मुलांना इंग्रजी शिकवते, आणि तिथला रजेचा नियम पार उफराटा आहे. महिन्याला एकाच शिक्षकाला रजा मिळते, आणि ती ज्याच्या वर्गाला पालकांची मागणी सर्वात कमी, त्याला! चांगला शिक्षक गेला तर पालक बोंब मारतात, वाईट गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही. आमच्यातले एक वयस्कर मास्तर वर्गात बसल्या बसल्या पेंगतात आणि दरवेळी रजा पटकावतात, म्हणून त्यांना आम्ही रजामास्तरच म्हणतो. वर, सुट्टीत जायचं कुठे, हाच बिचाऱ्यांना प्रश्न पडतो. दात आहेत तर चणे नाहीत, त्यातली गत. मी त्यांचाच कित्ता गिरवायचं ठरवलं.

आमच्या वर्गांना भिंती नाहीत, काचा आहेत. बाहेर बाकं, आणि बाकांवर पालक. आतलं अवाक्षर बाहेर ऐकू जात नाही, दिसतं मात्र सगळं. त्यामुळे शिकवण्यापेक्षा शिकवताना दिसणं महत्त्वाचं. सहा सहा तास उभं राहायचं, हातवारे करायचे आणि गाल दुखेपर्यंत हसायचं.

पालक पुढच्या महिन्याचा शिक्षक निवडतात, तो शनिवार उजाडला. मी वर्गात शिरले, मुलांना चित्रं रंगवायला दिली आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून खुर्चीत बसले. दहा मिनिटांत बाहेरच्या दोन आया जांभया देऊ लागल्या. मला आकाश ठेंगणं झालं!

तेवढ्यात आईचा फोन आला. इअरफोन सकाळपासून कानातच होते, त्यावर केस आलेले. वाईट शिक्षकाने वर्गात फोन घ्यायलाच हवा, म्हणून मी तो घेतला. आई रडकुंडीला आली होती. कार्यालयात माणसं मावणार दोनशे, आणि काकांनी कुणाला न विचारता सहाशे पत्रिका वाटल्या होत्या!

माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठले. दोनशे म्हणजे किती, ते आईला दोन बोटं नाचवून सांगितलं. उरलेल्यांना काय छपरावर बसवणार, असं विचारत छताकडे हात फेकले. काकांची ऐटबाज चाल चालून दाखवली. आईला त्यातलं काही दिसत नव्हतं, पण हात ऐकतात थोडेच! शेवटी मी कपाळावर हात मारला.

आणि बारा मुलांनी बारा कपाळांवर हात मारला.

कार्टी केव्हापासून माझ्या मागे उभी राहून नक्कल करत होती! बाहेर काचेला पालकांची नाकं चिकटली होती. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी आजोबांना खांद्याला धरून पुढे आणत होतं. संध्याकाळपर्यंत पुढच्या महिन्यासाठी माझ्या नावापुढे एकेचाळीस मुलं लागली.

मी धावत डायरेक्टरबाईंकडे गेले आणि खरं ते कबूल केलं. ते शिकवणं नव्हतं, मी आईशी भांडत होते! बाईंनी माझा हात प्रेमाने दाबला.

"हीच तर तुमची पद्धत," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाशी बोलावं तसं तुम्ही मुलांशी बोलता."

रजा अर्थातच रजामास्तरांना मिळाली. जायचं कुठे, म्हणून ते नेहमीप्रमाणे चिंतेत पडले. मी रागारागात म्हणाले, माझ्या बहिणीच्या लग्नाला जा आणि तिच्यासाठी घेतलेली शाल तेवढी पोहोचवा! त्यांनी पत्ता मागितला. मीही दिला.

लग्नाच्या वेळेला माझा तास होता, तोही दारासमोरच्या सर्वात मोठ्या काचेच्या वर्गात. फोन टेबलावर उभा केला. बहीण दिसली मात्र, आणि मला रडूच फुटलं. ज्या पोरीच्या वेण्या मी घातल्या, ती नटूनथटून उभी होती आणि मी इथे खडू हातात घेऊन! बारा मुलांनीही भोकाड पसरलं. काचेपलीकडे पालकांचे रुमाल निघाले.

"ताई, तुझ्या मागे कोण रडतंय एवढं?" तिकडून बहिणीने विचारलं.

"वधूपक्ष," मी म्हटलं. "आपले सहाशे पुरले नाहीत."

ती रडता रडता हसली. बोहल्यावर चढली एकदाची. मला हायसं वाटलं.

मग आईने फोन पाहुण्यांवरून फिरवला. पहिल्या रांगेत, 'ताईसाठी राखीव' अशी चिठ्ठी लावलेल्या खुर्चीत, रजामास्तर बसले होते. आई फोनमध्ये कुजबुजली की फार भला माणूस आहे, भाषा कळत नाही पण सकाळपासून प्रत्येक फोटोत तुझ्या जागी उभा राहतोय.

अल्बम परवाच आला. सगळ्या फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले आहेत.