दादांच्या कराराचं शेवटचं वर्ष

माझे थोरले बंधू नरहरी मंगळवारी सकाळी दहाला वारले, पण लीगच्या नियमाप्रमाणे त्यांना स्मशानात नेण्याआधी अठ्ठेचाळीस तास वेव्हरवर ठेवावं लागलं. लोक उगाच मला नावं ठेवतात. नियम मी केलेला नाही.

आमची लीग कॉम्प्युटरवरची, बेसबॉलची. बार्शीत बेसबॉलचं मैदान नाही आणि आम्ही दोघांनी कधी बॅट हातात धरलेली नाही. सामने कॉम्प्युटर आपले आपण खेळवतो. मालकांनी खेळाडूंशी करार करायचे, पगार ठरवायचे आणि खर्चाच्या मर्यादेत राहायचं. संघाचं नाव ‘बार्शी बिजली’. नऊ वर्षांपूर्वी दोन खेळाडू कमी पडत होते, तेव्हा दादांनी फॉर्मवर स्वतःचं नाव टाकलं आणि खाली माझं. लीगने दोन्ही नावं मंजूर केली.

करार लिहिताना दादांनी अक्कल चालवली. सुरुवातीची वर्षं जवळजवळ फुकट, शेवटचं वर्ष महागडं. “तोवर कोण राहतंय,” असं म्हणाले होते. आणि नेमके शेवटचं वर्ष लागताच गेले.

मेलेल्या खेळाडूला सोडवायला दोन रस्ते असतात. राहिलेला पगार एकरकमी खर्ची टाकून करार मिटवायचा. मग त्याच दिवशी न्या, कुणी विचारत नाही. पण आमच्या मर्यादेत तेवढी जागा नव्हती. ती करायची तर डेल विंटरला सोडावं लागणार होतं. विंटर आमचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. यंदा एकोणीस सामने त्याने एकट्याने काढून दिले होते. दुसरा रस्ता वेव्हरचा. खेळाडू दोन दिवस सगळ्या संघांपुढे ठेवायचा, ज्याला हवा त्याने करारासकट उचलायचा. कुणी नाही उचलला तर तो मोकळा, आणि आपल्याला दमडीही पडत नाही.

वहिनी दादांच्या उशाशी बसल्या होत्या. मी त्यांना दोन्ही रस्ते नीट समजावले.

“विंटरला सोडा, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “ह्यांना आजच नेऊ.”

“वहिनी, शनिवारी बाद फेरी आहे.”

“आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांनी सांगून ठेवलंय, अग्नी तूच दे म्हणून. तेवढं माझ्या हातून होऊ द्या.”

“तुमच्याच हातून होईल. दोन दिवसांचा तर प्रश्न. एकसष्ट वर्षांचा, मेलेला, वर इतका महाग माणूस कोण उचलणार आहे?”

मी फॉर्म भरला. प्रकृतीच्या रकान्यात ‘मृत’ असं स्वच्छ लिहिलं. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही.

बर्फाच्या लाद्या आणल्या. माणसं येत होती, कधी नेणार म्हणून विचारत होती. दावा आला नाही तर गुरुवारी दहानंतर, असं मी सांगत होतो. “असं होय,” म्हणून ती चपला घालून घरी जात होती.

गुरुवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी ‘मनमाड मेल’ संघाने दादांना उचललं. मी त्यांचे मालक खैरनार यांना फोन लावला.

“साहेब, चुकून झालं असेल. माणूस वारलाय.”

“वाचलं ना. वाईट झालं,” खैरनार म्हणाले. “पण खर्चाला खालचीही मर्यादा आहे, तुम्ही जाणताच. तेवढा पगार वाटला नाही तर संघ काढून घेतात. तुमच्या बंधूंचा आकडा आम्हाला बरोबर बसतो. शिवाय जखमी व्हायची भीती नाही.”

मी नियम पुन्हा वाचून काढले. त्यांचंच बरोबर होतं.

संध्याकाळी टेम्पो आला. दोघांनी दादांना उचलून ठेवलं, पावतीवर माझी सही घेतली. वहिनींनी चष्मा पुढे केला, तो त्यांनी परत दिला. करारात फक्त खेळाडू होता.

शुक्रवारी खैरनारांनी प्रस्ताव पाठवला: विंटर द्या, बंधू घेऊन जा, मुदत पाचपर्यंत. नंतर अदलाबदल बंद. मी वहिनींना खरं ते सांगितलं.

“आज नाही दिलं तर?” त्यांनी विचारलं.

“करार संपला की येतील. अकरा महिने. तिथे थंड खोली आहे, सोय चांगली आहे म्हणतात.”

हे मी बोलायला नको होतं. बोलल्याबरोबर मला लाज वाटली, पण बाद फेरी उद्यावर आली होती.

वहिनींनी दादांची खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली. “संघात ह्यांचा वाटा किती होता?”

“दोन तृतीयांश.”

“तो आता कुणाचा?”

“तुमचा.”

“आणि तुमच्या कराराचा आकडा ह्यांच्याएवढाच का?”

“पैचा फरक नाही. दादांनी एकाच बैठकीत लिहिले.”

“बरं,” म्हणून त्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसल्या. मी जेवायला बसलो. चार वाजता लीगचा संदेश माझ्या मोबाइलवर आला: अदलाबदल मंजूर. वहिनींनी तोवर माझे दोन शर्ट आणि पंचा पिशवीत घातला होता.

“विंटरला हात लावलेला नाही,” त्या म्हणाल्या. “तुमची बाद फेरी होऊ द्या.”

शनिवारी सकाळी आठला टेम्पो दारात लागला. दादांना उतरवलं आणि मी चढलो. त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही; पावतीवर वहिनींची सही व्हायच्या आत मागचं दार लावलं होतं.

मनमाडला पोचलो तेव्हा चार वाजले होते. अंत्यविधीपुरती रजा मिळेल का, असं मी खैरनारांना विचारलं. त्यांनी कागद उघडून दाखवला. मी दादांच्या जागी आलो होतो, तेव्हा अटीही दादांच्याच होत्या. खोली थंड आहे. आडवं पडून राहायचं, शक्यतो हलायचं नाही.

सहाला वहिनींचा फोन आला.

“झालं, भाऊजी. माझ्या हातानं झालं. तुम्ही आंघोळ करून घ्या.”

खोलीत नळ नव्हता, बादली नव्हती. लादीखाली बर्फाचं पाणी साचलं होतं. तेच ओंजळीने डोक्यावर घेतलं आणि पुन्हा आडवा झालो.