पद्मवीणेचे पडदे

"येत्या शनिवारी पडदे बसवून टाकतो," असं पद्माकर जेवताना सहज बोलून गेला आणि नीताचा घास हातातच राहिला. पाहुण्यांच्या खोलीला पडदे लाव म्हणून ती सात महिने कानीकपाळी ओरडत होती.

"खरंच? कापड मी निवडते हं. निळं चालेल?"

"कापड कशाला? पितळेचे बसवणार आहे."

"पितळेचे पडदे?"

"हो. बारा."

"एका खिडकीला?"

मग उलगडा झाला, की हे खिडकीचे नव्हेत, वाद्याचे पडदे. नीताने उरलेलं वरण न विचारता त्याच्या पानात ओतलं. (ती रागावली की वाढते.)

पद्माकरचं म्हणणं मात्र रास्त होतं. जूनमध्ये सासरे पुण्याहून जर्मनीत वोल्फ्सबुर्गला यायचे होते. नाना, म्हणजे दत्तात्रयमास्तर, चाळीस वर्षं शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले. तानपुरा विमानात आणता येत नाही म्हणून आधीच हळहळत होते. त्यांच्या वाढदिवसाला स्वतः घडवलेलं तंतुवाद्य द्यायचं, असं पद्माकरने ठरवलं. वाद्याचं नावही ठरलं होतं: पद्मवीणा. खरं कारण निराळंच होतं. चौदा वर्षांपूर्वी लग्न ठरताना नाना म्हणाले होते, "मुलगा सोन्यासारखा आहे. कान नाही, एवढंच." ते वाक्य पद्माकरला अजून सलत होतं. एकदा, फक्त एकदा, नानांच्या तोंडून "वा!" ऐकायचं होतं.

कान नसेना का, गणित तर होतं! गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करणारा माणूस तो. शेजाऱ्याने टाकायला काढलेली वाइनची लाकडी पेटी हा भोपळा झाला, मोडक्या पलंगाची फळी ही दांडी झाली. मोकळी तार पाचशे दहा मिलिमीटर. तिला १७.८१७ने भागायचं, येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या तारेला पुन्हा तसंच भागायचं, की दुसरा. असे बारा झाले की तार बरोबर निम्मी होते आणि वरचा सा लागतो. हे वाचून पद्माकर इतका खूश झाला, की संगीत म्हणजे नुसता भागाकार आहे, असं त्याने नीताला ऐकवलं. (नीता बारा वर्षं गाणं शिकलेली आहे. त्या दिवशीही त्याला बरंच वरण मिळालं.)

शनिवारी केलरमध्ये, म्हणजे तळघरात, काम सुरू झालं. पद्माकर लॅपटॉपवरचे आकडे वाचणार आणि अकरा वर्षांची अन्वी पेन्सिलने खुणा करणार. अन्वीला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे तिने प्रत्येक आकडा परत म्हणायचा आणि बापाने 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायचं, असं ठरलं.

"सहावा. एकशे एकोणपन्नास पॉइंट चार."

"हुंडर्टआइनउंडफ्युन्फत्सिश कोमा फिअर?"

"गेनाऊ! सातवा. एकशे एकोणसत्तर पॉइंट सहा."

"हुंडर्टआइनउंडझीब्त्सिश कोमा झेक्स?"

"गेनाऊ!" पद्माकरची नजर एक्सेलवर होती आणि मन नानांच्या "वा!"पाशी.

नाना आले. वाढदिवसाच्या दुपारी पद्माकरने पद्मवीणा त्यांच्या मांडीवर ठेवली. नानांनी तार जुळवून छेडली. सा. रे. ग. म. त्यांची मान हलली, पद्माकरचा ऊर भरून आला. आणि पुढच्याच क्षणी नानांचा चेहरा खवट शेंगदाणा दाताखाली आल्यासारखा झाला.

"पंचम चढा आहे."

"अहो नाना, शक्यच नाही. एक्सेलमध्ये आहे."

"मग एक्सेल चढं आहे. पद्माकरराव, सा आणि पंचम हे अचल स्वर. सगळ्या सप्तकात आपली जागा न सोडणारे दोघेच. त्यातला एक तुम्ही हलवलात."

पद्माकर पट्टी घेऊन धावला. सातवा पडदा दोन मिलिमीटर पुढे होता. सहावाही. अकरावाही. बाकी नऊ बिनचूक.

"लाकूड फुगलं असेल," तो म्हणाला.

"तीनच ठिकाणी?" नीताने विचारलं.

तेवढ्यात अन्वी स्वतः केलेला केक घेऊन आली. वर चॉकलेटने लिहिलं होतं: ८१.

"मला दोन वर्षं कुणी बहाल केली?" नाना म्हणाले. "मी एकोणऐंशीचा आहे."

"गेनाऊ!" अन्वी म्हणाली. "एक-ऊन-ऐंशी. आइन-उंड-आख्त्सिश!"

जर्मनमध्ये एक्क्याऐंशीला 'एक आणि ऐंशी' म्हणतात. आपल्या 'एकोण'मधलं ऊन म्हणजे उणे. पोरीच्या कानाला ते 'उंड' लागलं, म्हणजे 'आणि'. एकोणपन्नासचे एक्कावन्न झाले, एकोणसत्तरचे एकाहत्तर, आणि अकराव्या पडद्याच्या एकोणचाळीसचे एक्केचाळीस. जिथे एकोण, तिथे दोनने चढा.

"सापडलं!" पद्माकर टाळी वाजवून ओरडला. "म्हणजे चूक माझी नाहीच!" (बाप असावा तर असा.)

अन्वीचे डोळे भरले. रडू आवरत ती चक्क मराठीत बोलली, "मी प्रत्येक नंबर परत म्हटला. बाबा प्रत्येक वेळी गेनाऊ म्हणाला."

नानांनी जावयाकडे पाहिलं, मग मुलीकडे. "नीते, चौदा वर्षांपूर्वी मी..."

"नाना, नका," नीता म्हणाली.

पद्माकरला भूमी दुभंगेल तर बरं असं झालं. पण नाना मास्तर होते. नापास पोराला वर्गाबाहेर काढणारे नव्हते. त्यांनी नातीला जवळ बसवलं आणि पद्मवीणा पुन्हा उचलली. "ही मोडायची नाही. पंचम नको, तीव्र मध्यम नको, शुद्ध निषाद नको. उरलं त्यात मालकंस होतो." त्यांनी चारच स्वर घेतले, आणि वाइनच्या त्या पेटीतून असा काही गोडवा आला, की पद्माकरला खरोखरच भरून आलं.

"नाना, वाजवा ना पुढे!"

"मालकंस मध्यरात्रीचा राग. भरदुपारी नाही वाजवत मी."

"मग रात्री वाजवा."

"नाख त्सेन इस्ट रूहेत्साइट," अन्वीने डोळे पुसत आठवण दिली. दहानंतर शांतता, नाहीतर शेजारी दारात.

म्हणजे दुपारी शास्त्राची मनाई आणि रात्री शेजाऱ्यांची. पद्माकर मुकाट्याने पक्कड घेऊन आला. "नाना, तिन्ही पडदे काढून आज पुन्हा बसवतो. एकोण नीट सांभाळून."

"बसवा, पण आधी माझ्या खोलीच्या खिडकीला बसवा," नाना म्हणाले. "त्या 'एकोण'मधलं ऊन राहू द्या, पद्माकरराव. पहाटे पाचला माझ्या तोंडावर येतं ते ऊन आधी थांबवा!"