टेंभेकर काकांचं सोफ्याचं बजेट

टेंभेकर काका कुणाच्याही घरी गेले की बसत नाहीत, बसून पाहतात. आधी गादीत अंगठा रुतवतात, मग छातीशी हातांची घडी घालून टेकतात, घडी न सोडता उठतात, पुन्हा टेकतात, पुन्हा उठतात. तीनदा असं झालं की निकाल लागतो. आमचा नवा सोफा घरात येऊन तासही झाला नव्हता. मी पेढे पुढे केले. काकांनी तिसऱ्यांदा उठून एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "रिजेक्ट." त्यानंतर महिनाभर माझा नवरा त्या सोफ्यावर बसण्याआधी जरा थांबून विचार करायचा.

काका तीसेक वर्षं फॅक्टरीत माल तपासायच्या कामावर होते. आमच्या कांचघर मोहल्ल्यात अशा निवृत्त लोकांची काही कमी नाही. पण बाकीच्यांनी शेवटच्या दिवशी शाल-नारळ घेऊन फॅक्टरी सोडली, काकांनी फॅक्टरीच घरी आणली. भाजी असो, गणपतीची मूर्ती असो की कुणाचा जावई, शेरे तीनच. पास, रिजेक्ट, आणि मेहरबानी झालीच तर "पास, पण रिमार्क आहे". मी बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवते, मला हा तिसरा मिळालाय.

आता अशा पारखी माणसाच्या बैठकीत काय असावं? फॅक्टरीच्या लिलावात घेतलेल्या पॅकिंगच्या पेट्या फोडून, त्यांच्या फळ्या ठोकून केलेला एक दिवाण. जमिनीपासून जेमतेम दोन विती उंच. चादर सरकली की फळीवर "यह साइड ऊपर" अशी काळी अक्षरं दिसतात. पाहुण्यांनी कसं बसायचं याची तेवढीच सूचना त्या घरात आहे.

काकूंचे गुडघे संधिवातानं गेले आणि मागोमाग मनगटंही. हातांवर जोर देता येत नाही, म्हणून कणीक काका मळतात, आणि मळून झाली की तिलाही पास करतात. पण त्या दिवाणावर बसलेल्या काकू मी कधी पाहिल्या नाहीत. महिला मंडळाचं भजन त्यांच्याकडे असलं की आम्ही सगळ्या सतरंजीवर, आणि घरची मालकीण स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून दोन तास उभी. मला संताप यायचा. पेन्शन वेळेवर येते, मुलगी बंगलोरला चांगली कमावते, आणि या बाईला स्वतःच्या घरात बसायला धड जागा नसावी?

काकांचं म्हणणं, सोफा घ्यायचा हे ठरलेलंच आहे. किती खर्च करायचा, एवढंच ठरायचंय. हे एवढंच सहा दिवाळ्यांपासून ठरत होतं. त्याचा त्यांनी एक हिशेबही बसवला होता. किंमत बघायची नाही, एका बसण्याला किती पडलं ते बघायचं. त्यासाठी त्यांनी आम्हाला विचारलं की तुम्ही दिवसातून किती वेळा बसता. नवऱ्यानं आकडा फुगवून सांगितला. आमच्या सोफ्यावर सगळ्यात जास्त वेळ वाळलेले कपडे बसतात, हे मी सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीआधी काकूंनी मला काकांसोबत पाठवलं. रिकाम्या हातानं परत येऊ देऊ नको, एवढंच म्हणाल्या. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातली तीन दुकानं आम्ही पालथी घातली. काकांच्या एका खिशात मोजपट्टी, दुसऱ्या खिशात बजेट. प्रत्येक सोफ्यावर हातांची घडी, टेकणं, उठणं, आणि मग पट्टीनं उंची मोजणं. तिसऱ्या दुकानातला मालक शेवटी म्हणाला, "अंकल, ये सोफा है, कसरत का सामान नहीं." काकांनी त्यालाही रिजेक्ट केलं.

रिक्षात बसल्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, "काका, काकू सहा वर्षं उभ्या आहेत. तुमच्या हिशेबात ते कुठं बसतं?"

काकांनी मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली. मग म्हणाले, "पाहून राहिलो न मी." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की हा माणूस कंजूष आहे आणि वर हुशार आहे, म्हणजे काही आशाच नाही.

पुढच्या महिन्यात त्यांच्या दारात टेम्पो थांबला. त्यातून निघाली एक खुर्ची. एकच. मझौली गावच्या सुताराकडून करवून घेतलेली, सागवानाची, आणि दिसायला इतकी बेढब की कोर्टातून उचलून आणली असावी. नको तितकी उंच, बैठक पुढे किंचित उतरती. किंमत ऐकली तर आमच्या सगळ्या सोफ्याहून जास्त. मी विचारलं, "काका, एका बसण्याला किती पडलं?"

"बसायचं काय, माणूस कुठंही बसते," काका म्हणाले. "पैसे उठायचे द्यायचे असतात. दिवाणावरून तिला मला उचलावं लागते. चार बायांसमोर 'अहो, उचला' म्हणायची लाज वाटते तिला, म्हणून बसतच नाही. दुकानात नेली असती तर तिथं उचलावं लागलं असतं. म्हणून मीच हात बांधून उठून पाहायचो. काहून हसून राहिली?"

मी हसत नव्हते. सहा वर्षं ज्या घडीची नक्कल करून मी शाळेच्या स्टाफरूमला हसवलं, ती आठवून मला माझीच लाज वाटत होती.

त्या गुरुवारी भजन त्यांच्याकडे होतं. काकू खुर्चीत बसल्या. पूर्ण दोन तास बसल्या, टाळही वाजवले. आरतीची वेळ झाली तेव्हा मी काकांकडे पाहिलं. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, कणकेचे हात घेऊन, आणि ते दोन्ही हात सवयीनं पुढे आलेले होते. काकूंनी कुणाकडे पाहिलं नाही. मांडीवरचं तबक दोन्ही हातांत धरून त्या सरळ उठल्या आणि देवासमोर गेल्या.

आरती संपल्यावर मी काकांजवळ जाऊन हळूच विचारलं, "पास?"

"पास," काका म्हणाले. हातावरची वाळलेली कणीक ते खरवडत होते. "पण रिमार्क आहे."

"आता काय राहिलं?"

"आता हाक नाही मारत ती मला."