पाठीवरचे नऊ किलो

खांबेटेकाका पाठीवर नऊ किलो बासमती घेऊन हिंडतात. विकायला नाही, शिजवायला नाही, दानधर्मालाही नाही. लीड्समध्ये आमच्या मराठी मंडळींपैकी कोणाच्याही घरी गणपतीला गेलात आणि दाराशी चपलांच्या ढिगात चिखलाने माखलेले, घोट्याच्या वर येणारे बूट दिसले, की समजायचं काका आलेत. आत पाहावं तर ते सॅकसकट आरतीला उभे. टाळ्यांच्या ठेक्यावर पाठीवरचा तांदूळ सळसळतोय.

डोंगर चढायचा तर पाठीला ओझ्याची सवय हवी, असं त्यांचं म्हणणं. ओझं किती, तर अंगाच्या वजनाचा सातवा हिस्सा. काका त्रेसष्ट किलोंचे, म्हणून तांदूळ नऊ किलो. तोच तांदूळ, त्याच पिशवीत, अकरा वर्षं. एका गणपतीत आमच्याकडे साठ पानं व्हायची होती आणि चाळिसाव्याला भात संपला. सगळ्यांच्या नजरा काकांच्या पाठीकडे वळल्या. काकांनी सॅकचे पट्टे आवळले. "हे औषध आहे, अन्न नव्हे," म्हणाले, आणि पावसात चालत जाऊन दुकानातून नवीन पिशवी घेऊन आले. ती पोटावर, जुनी पाठीवर.

काका मूळचे साताऱ्याचे. इथल्या इस्पितळात तीस-बत्तीस वर्षं भूल देण्याचं काम करून निवृत्त झाले. भुलीचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळे ओळख झाल्याबरोबर ते नाव-गाव विचारत नाहीत. वजन विचारतात. मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चारचौघांत नव्वद म्हणालो.

"खरं सांग. टेबलावर खोटं सांगणारे मध्येच जागे होतात."

मी चौऱ्याण्णव म्हणालो. काकांनी मान हलवली आणि पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला बसस्टॉपवर यायला सांगितलं. प्रिस्क्रिप्शनच होतं ते, विचारणा नव्हती.

मी नागपूरचा. आमच्याकडे डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स, आणि तिथेही मी स्कूटरने जायचो. तरी गेलो. लीड्सजवळच्या इल्कलीच्या माळावर पहिल्याच रविवारी, नवीकोरी पँट घालून, गुडघ्यापर्यंत दलदलीत रुतलो. काका काठावर शांतपणे उभे होते. "दहापासून उलटं मोज," म्हणाले. हे त्यांचं सर्व आजारांवरचं औषध. चढण लागली, उलटं मोज. बायकोशी भांडण झालं, उलटं मोज. व्हिसाचं पत्र आलं नाही, उलटं मोज. पेशंटला ते झोपवताना हेच सांगायचे, आणि आपल्या हाताखाली आजवर कोणी चाराच्या खाली गेलं नाही याचा त्यांना फार अभिमान आहे. मी मात्र त्या दिवशी शून्यापर्यंत जाऊन उणे सातला बाहेर निघालो. एक बूट अजून तिथेच आहे.

काकांनी लग्न केलं नाही. का, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. लीड्सच्याच हेडिंग्ली भागात एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर दोन खोल्यांत ते इतकी वर्षं भाड्याने राहतात. एवढा डॉक्टर माणूस, घर का नाही घेतलं, असं माझ्या बायकोने, मृणालने, एकदा विचारलंच. "एकट्याला पत्ता पुरतो," काका म्हणाले. "घर ही बिनपट्ट्यांची सॅक आहे. वाहवतही नाही, उतरवताही येत नाही." त्यांच्याकडे खुर्च्या दोन. एक त्यांची, एक सॅकची. आपण गेलो की सॅक उठते आणि खाली बसते, तेव्हा आपणच तिच्या जागी आलोय असं अवघडल्यासारखं होतं.

आमचं मात्र नेमकं घरावरच अडलं होतं. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं. मार्चमध्ये बाळ येणार, बाळाआधी नागपूरहून आई येणार. तीन घरं हातात येऊन निसटली. तिसऱ्याच्या मालकीणबाईंना तर सगळं ठरल्यावर आपल्या गुलाबांवर किती जीव आहे याचा साक्षात्कार झाला. मी रात्रंदिवस फोनवर घरं बघत बसायचो. ऑक्टोबरात काकांनी मायोर्काला जायचं काढलं तेव्हा मृणालच म्हणाली, "जा बाबा. चार दिवस मला तरी त्या फोनपासून सुट्टी."

मायोर्का म्हणजे इथल्या लोकांचं वाळूत पालथं पडायचं बेट. पण काकांनी समुद्राकडे पाठ केली आणि उत्तरेच्या डोंगरांत शिरले. तिथे कोरडा, पांढराफेक चुनखडीचा डोंगर, पायऱ्यापायऱ्यांनी लावलेली जुनी ऑलिव्हची झाडं, आणि वाकून बघावं लागेल इतका खाली निळा समुद्र. तळाच्या गावात संत्र्यांच्या बागा. मी नागपूरकराच्या अधिकाराने एक खाल्लं आणि ठीक आहे म्हणालो. चांगलं होतं, पण तसं कबूल करायला जीभ वळेना.

काकांचे नियम कडक. संत्र्याची साल टाकायची नाही, ती खिशात. फूल तोडायचं नाही. डोंगरावरचा खडासुद्धा उचलून न्यायचा नाही. "आपण इथे पेशंट बघायला आलोय, त्याच्या घरचं सामान न्यायला नाही." शिवाय तांदूळही आला होताच. विमानतळावर ती पिशवी तीन जणांनी हुंगली.

दुसऱ्या दिवशी वर एका सपाटीवर जेवलो. काका टोपी तोंडावर घेऊन झोपले. त्यांची झोप मोजून चाळीस मिनिटांची. मी इकडेतिकडे हिंडू लागलो आणि बघतो तर ठिकठिकाणी दगडांवर दगड रचलेले. तीन-तीन, चार-चार, नीट लहान होत गेलेले. मला एकदम भरून आलं. लहानपणी आई-बाबांबरोबर महादेवाच्या यात्रेला पचमढीला जायचो, तेव्हा चढणीवर हेच बघितलं होतं. घर हवं असलेली माणसं वाटेत दगडावर दगड रचतात. जितक्या खोल्या मागायच्या तितके दगड. आमच्याही आईने रचले होते, आणि दोन वर्षांत आम्हाला क्वार्टर सुटून घर मिळालं. एकदा रचलं की ते विखरू द्यायचं नाही, नाहीतर मागणी विखरते, असं ती सांगायची.

मला वाटलं, बघा, माणूस सगळीकडे सारखाच. इथेही बिचाऱ्यांना घरं मिळत नाहीत.

वाटेपासून जरा बाजूला, समुद्र दिसेल अशी छान जागा बघून मी पाच चपटे दगड रचले. पोळीएवढे मोठे खाली, पुरीएवढा वर. खाली हॉल, वर तीन खोल्या, माळा. वर दोन थेंब पाणी घातलं आणि हात जोडले.

परत येऊन बसतो तोच आमच्या लीड्सजवळच्या बार्न्सलीचं एक वयस्कर जोडपं काठ्या टेकत पुढे गेलं आणि वीस मिनिटांनी परत आलं. आजोबांच्या पोटऱ्यांवर ओरखडे, आजींच्या टोपीत अख्खी काटेरी फांदी. आजी अत्यंत नम्रपणे म्हणाल्या की इकडे कोणाचा तरी थोडासा गोंधळ झालेला दिसतोय, कारण खुणेचे दगड सरळ कड्यावर घेऊन जातात. वर हेही म्हणाल्या, की रचलंय मात्र सुंदर.

काका उठून बसले. डोंगरात धुक्यात वाट चुकू नये म्हणून चालणारे लोक एकमेकांसाठी दगड रचून ठेवतात, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा असतो, हे त्यांनी विमानात सविस्तर सांगितलं होतं म्हणे. मी त्या वेळी झोपलो होतो. मान हलत होती ती झोपेतच.

मी कबूल केलं. पचमढी, आई, मार्चमधलं बाळ, गुलाबवाल्या बाई, सगळं. काका माझ्याबरोबर त्या पाच दगडांपाशी आले. दोन पावलांवर कडा होता. मी रचताना समुद्र बघत होतो, कडा बघितलाच नव्हता.

"मोड," काका म्हणाले.

"काका, नाही मोडवणार."

"अरे, उद्या धुकं असलं तर माणूस जाईल यामागून."

"कळतंय. पण हात होत नाही. तुम्ही हसा, पण हे मोडलं आणि चौथंही घर गेलं, तर मी मृणालला काय सांगू?"

काका हसले नाहीत. पस्तिशीचा, संगणकावर पोट भरणारा माणूस पाच दगडांसमोर डोळे पुसत उभा होता, आणि काका नाडी बघावी तसे माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तू पुढे हो. दहापासून उलटं मोजत जा. मागे बघू नकोस."

मी गेलो. सातला मागे दगडाचा आवाज आला. पाचला आणखी एक. मी तीनला थांबलो आणि पुढचं मोजलं नाही.

त्या संध्याकाळी एक नवल घडलं. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी आम्हाला वांगी-मिरच्या घातलेला पिवळा भात वाढला. लांबसडक, मोकळा, असा भात मी जन्मात खाल्ला नव्हता. तांदूळ कुठला विचारलं तर बाईंनी काकांकडे बोट दाखवलं. "त्यांच्याकडचा संपला होता," काका ताटातून वर न बघता म्हणाले. अकरा वर्षं मुरलेलं औषध आम्ही तिघांनी लिंबू पिळून खाल्लं. मला वाटलं, पाठ दुखत असेल, कबूल करायचं नसेल.

खरं सांगायचं तर परत आल्यावर माझ्या मनात काकांविषयी अढी बसली. नोव्हेंबरात चौथं घर गेलं. जानेवारीत पाचवं. दोन्ही वेळा मला सातला ऐकू आलेला तो आवाज आठवला. काका बरोबर होते, हे पटत होतं म्हणून आणखीच राग यायचा. रविवारी तरी जायचो. काका पुढे, पाठीवर ती सॅक, मी मागे धापा टाकत. एकदा म्हटलं, नवीन तांदूळ सळसळत नाही वाटतं. "नवा आहे," काका म्हणाले. "बोलायला वेळ लागतो."

मार्चमध्ये आमची मुलगी झाली. काका इस्पितळात आले आणि नाव न विचारता वजन विचारलं. आई आली, हॉलमध्ये सोफ्यावर झोपू लागली. आणि मे संपताना घर मिळालं. छोटंसं, विटांचं, मागे हातभर अंगण, वर तीन खोल्या, त्यातली एक इतकी लहान की तिथे मृणालने फक्त एक खुर्ची ठेवली.

जूनमध्ये वास्तुशांत केली. पाहुणे जेवून गेले, काका राहिले. अंगणात जाऊन त्यांनी सॅक उतरवली, आतून टॉवेलची गुंडाळी काढली आणि उलगडून एकेक दगड गवतावर ठेवला. पांढरेफेक, चपटे. पोळीएवढ्यापासून पुरीएवढ्यापर्यंत.

डोंगरावरचा खडाही न उचलणारा माणूस.

"मोडलं नाही," काका म्हणाले. "पत्ता बदलला फक्त. तुझी आई म्हणते ना, विखरू द्यायचं नाही? मग ठेवायचे कुठे? माझ्या त्या खोल्यांत ठेवले असते तर मागणी माझ्या नावावर लागली असती. पाठीवर बरे."

म्हणजे आठ महिने दर रविवारी मी माझ्याच घराच्या मागून चालत होतो, आणि मनातल्या मनात ते वाहणाऱ्याला बोल लावत होतो.

आईने पदर सावरून दगडांना हळद-कुंकू वाहिलं. मृणालने पाचही रचले आणि टॉवेलमध्ये पाहिलं. तिथे आणखी एक होता. लिंबाएवढा.

"काका, हा सहावा कोणाचा?"

"कोणाचा असणार? पाचांचे आठ किलो आठशे पंच्याहत्तर भरले. सव्वाशे ग्रॅम कमी पडत होते."

"वर ठेवू?"

काकांनी रिकाम्या सॅकचे पट्टे उगाच लहान केले, मग मोठे केले. "पडेल," म्हणाले. "तुमचं नीट बसलंय."

मृणालने तो सगळ्यांत वर ठेवला. पडला नाही. मग ती म्हणाली, "काका, सॅक वरच्या छोट्या खोलीत ठेवत जा. रविवारी इथूनच निघा. तिथे खुर्ची ठेवलीय."

"सॅकला?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला. सॅक खाली बसेल."

काका उशीर झाला म्हणाले, बस जाईल म्हणाले, आणि निघाले. ओझ्याशिवाय त्यांना चालताना मी पहिल्यांदाच बघत होतो. पावलं नीट पडत नव्हती. फाटकाशी जाऊन ते थांबले, कडीवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून. मुलीला खांद्यावर घेऊन मी दारात उभा होतो. फाटक लांब नव्हतं, स्पष्ट ऐकू येत होतं.

दहा. नऊ. आठ. सात. सहा. पाच.

चाराला ते वळले.