हीटर पास आहे

गाड्या तपासणाऱ्या साहेबांनो, तुम्ही गाडी तपासत नाही. तुम्ही आपलाच मागचा शेरा तपासता. खोटं वाटत असेल तर शिंपीमास्तरांचं काय झालं ते ऐका.

मास्तरांची गाडी त्यांच्या लग्नाआधीची. ऐन थंडीत ती रोज सकाळी त्यांच्या आईला गुडघ्यांच्या उपचाराला नेई. तासाभराची वाट. शनिवारपर्यंत तपासणीचा दाखला मिळाला नाही तर गाडी घरी बसणार होती, आणि तिच्याबरोबर म्हातारीही. मंगळवारी साहेबांनी हीटरसमोर हात धरला, गार वारा लागला आणि शेरा पडला : 'हीटर बंद.'

हीटरचा फ्यूज जळला होता. करंगळीच्या पेराएवढी काचेची नळी ती!

"असला फ्यूज?" दुकानदाराने तो उजेडात धरला. "मास्तर, हा बनवणारा कारखाना कधीच बंद पडला. कुठून तरी मागवतो, पण महिना लागेल."

"अहो, शनिवारी दाखला हवाय!"

"मग तोवर कारखाना उघडा."

मास्तर डगमगले नाहीत. कॉलर विरली की शर्टाच्या खालच्या टोकाचं कापड काढून तिला लावायचं. खोचलेलं कोण बघतंय? तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी हॉर्नचा फ्यूज काढला आणि हीटरला लावला.

बुधवारी आई हट्टाने मागच्या सीटवर येऊन बसली. "हीटर माझ्या गुडघ्यांसाठी आहे. पास झाला की नाही, ते मी बघणार."

फेरतपासणीत फक्त मागचा शेरा बघायचा, असा नियम. हीटर मस्त ऊन वारा सोडू लागला. साहेबांनी शिक्का उचलला, एवढ्यात मागून आईचं कौतुक उतू गेलं.

"हातात कला आहे हो माझ्या पोराच्या! हॉर्नचं काढून हीटरला लावलं. कळतंय तरी का?"

साहेबांनी शिक्का खाली ठेवला आणि नवा शेरा लिहिला : 'हॉर्न बंद.'

"आई, तुला गप्प बसवत नाही का गं?"

"घ्या! चांगलं बोललं तरी माझंच चुकलं."

गुरुवारी वायपरचा फ्यूज हॉर्नला गेला. आईने तोंडावर शाल घट्ट गुंडाळून घेतली. "वाजवा," साहेब म्हणाले. मास्तरांनी जीव खाऊन वाजवला. शेडच्या पत्र्यावरची झाडून सगळी कबुतरं उडाली आणि त्यातल्या एकाने जाता जाता समोरच्या काचेवर आपलाही शेरा मारला.

"वायपर चालवा," साहेब म्हणाले.

मास्तर रुमाल घेऊन धावले.

"रुमाल नको. वायपर!"

शालीच्या आतून आई म्हणाली, "या खेपेला मी काही बोलले नाही हं."

आता फ्यूज दोन आणि खाचा तीन. पण हीटर तर पास झालेला! त्याच्याकडे आता कोण ढुंकून बघणार? शुक्रवारी त्याचा फ्यूज वायपरला गेला, वायपर फिरला, शिक्का पडला. दाखल्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं : हीटर, हॉर्न, वायपर, तिन्ही सुस्थितीत.

शनिवारी सकाळी दाट धुकं होतं, वर पावसाची भुरभुर. हॉर्न हवाच, वायपरही हवाच. अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला.

"हीटर लाव रे. गुडघ्यांचा दगड झालाय."

मास्तरांनी उगाच हॉर्न वाजवला.

"अरे, पास झालाय ना तो?"

"झालाय. पण आई... तो कागदावर चालू आहे."

"बघू कागद." आईने दाखला घेतला, उलगडला, दोन्ही गुडघ्यांवर नीट पसरला आणि वरून शाल ओढली. चांगली पाच मिनिटं ती वाट बघत बसली. मग म्हणाली, "गाडी वळव."

"कुठे?"

"त्या साहेबाकडे. हे दोन्ही गुडघे त्याच्या टेबलावर ठेवते आणि विचारते : सही तुझी, शिक्का तुझा, मग ऊब कधी येणार ते सांग!"