बोंदरे काकांचा हिरवा खडू

आमच्या गल्लीत बोंदरे काकांनी लाल खडूने फुली मारली नाही अशी एक वस्तू शोधून दाखवा, मी तुम्हाला संत्र्यांची पेटी देतो. माझ्या फाटकावर फुली आहे, कारण ते करकरतं. माझ्या स्कूटरच्या मागच्या टायरवर आहे. परवा त्यांनी भाजीवाल्याच्या ठेल्यावरच्या कोहळ्यावर फुली मारली, तेव्हा तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, आता हा कोण घेईन गा?"

काकांनी हिंगण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासला. नापास मालावर लाल फुली, पास मालावर हिरवी खूण, आणि हिरवी खूण झाली की माल गेटाबाहेर. रिटायर होताना दोन्ही रंगांचे खडू खिशात घालून आणले. लाल कितीदा संपला आणि नवा आला, पण हिरवा अजून अख्खाच. "फेल हाय गा," हे त्यांचं रामराम म्हटल्यासारखं वाक्य. मी नवीन चष्मा घेतला, फेल. पोराने सायकल घेतली, तीही फेल. त्यांच्या पत्नी कुंदाकाकू म्हणतात, "लग्नाच्या वेळी यांच्या खिशात खडू नोता, म्हून वाचली मी."

तर अशा या माणसाच्या एकुलत्या एका मुलीला, मीनलला, मेळघाटातल्या एका शाळेत नोकरी लागली. चिखलदऱ्याच्याही पुढे. "बाबा, आपली कार मी नेते, दर पंधरा दिवसांनी येत जाईन," ती म्हणाली. काका उठले. बाहेर गेले, कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या आपल्या अकरा वर्षांच्या गाडीमागे उकिडवे बसले आणि मागच्या दोन्ही चाकांवर फुल्या मारून आले.

"मागं ड्रम ब्रेक हाय," ते मला म्हणाले. "घाट उतरता उतरता तापते, अन् तापला का पकडत नाई. याच गाडीच्या वरच्या मॉडेलले मागं डिस्क हाय. उघडी चकती, हवेनं थंड होते. तेच लावतो."

"काका, नवीनच गाडी घ्या ना."

"काहून? इंजिनानं काय गुन्हा केला?"

पुढे महिनाभर त्यांनी माझं डोकं खाल्लं. दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून आम्ही भंगाराची दुकानं पालथी घालायचो. ज्या टायरवर फुली मारली होती त्याच टायरवर हा माणूस ऐटीत बसायचा, आणि वर मलाच सांगायचा, "हळू चालव गा, टायर फेल हाय." तिसऱ्या रविवारी वरच्या मॉडेलची एक गाडी सापडली. समोरून चेंदामेंदा, मागून धडधाकट. काकांनी खिशातून मोजमापाचं हत्यार काढून चकती मोजली, बोल्टांची भोकं मोजली, त्यांच्यातलं अंतर मोजलं. केसाचाही फरक नाही. समोरचा ब्रेकचा सिलिंडर तेवढा वाचला होता, तोही त्याच गाडीचा घेतला. दुकानदार घामाघूम झाला.

सामान बसवायला आमचे जुने मेकॅनिक शकीलभाई. शुक्रवारी सकाळी सगळं बसलं आणि शकीलभाईंनी हात पुसत विचारलं, "साहब, हँडब्रेक की केबल? पुरानीवाली इसमें नहीं बैठेगी."

काकांचा चेहरा उतरला. अहो, केबल होती! भंगारवाल्याने सामानासोबतच दिली होती. काकांनीच तिच्या फाटक्या रबरावर फुली मारून, "फेल हाय," म्हणत ती ढिगात भिरकावली होती. मीनलला मंगळवारी शाळेत रुजू व्हायचं होतं आणि आमची गाडी हँडब्रेकवाचून अडून बसली होती. मी असा भडकलो, की विचारू नका. "आता घ्या फेल!" म्हणालो आणि ऑफिसला दांडी मारून, काकांना स्कूटरवर मागे बसवून थेट भंगारवाल्याकडे गेलो.

ढीग माझ्या छातीइतका. शंभर केबलींचा गुंता. पण दहा मिनिटांत आमची केबल सापडली, कारण त्या सगळ्या ढिगात लाल फुली एकीवरच होती. काकांनी ती हातात घेतली. "तीस वर्षांत फेल माल वापस नाई घेतला गा मी," ते हळूच म्हणाले. शकीलभाईंनी तिचं रबर बदलून ती बसवली.

रविवारी सकाळी कॉलनीमागच्या रिकाम्या रस्त्यावर परीक्षा. काकांनी लाल खडूने आडवी रेघ मारली. मीनलने वेगात यायचं आणि रेघेवर ब्रेक दाबायचा. पुढे दुसरी रेघ, आणि त्या रेघेवर काका स्वतः उभे!

"अवो, सरका तिथून! डोकं फिरलं का तुमचं?" काकू ओरडल्या.

"बाबा, तुम्ही हटल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही," मीनलने खिडकीतून सांगितलं. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं.

गाडी आली आणि दुसऱ्या रेघेच्या कितीतरी अलीकडे गपकन थांबली. काकांनी टेपने अंतर मोजलं. "आणखी एक डाव." पुन्हा मोजलं. "आणखी एक." मग उतारावर हँडब्रेक लावून गाडी ढकलून पाहिली. हलली नाही. तरी, "आणखी एक डाव, मीनू." असे अकरा झाले. ऊन डोक्यावर आलं आणि माझा तोल गेला.

"काका, पास का फेल, एकदाचं बोलून टाका!"

टेप गुंडाळता गुंडाळता ते थांबले. "पास तर पहिल्याच डावात झाली गा."

"मग काय चाललंय हे?"

"हिरवी खूण केली का माल गेटाबाहेर जाते," ते म्हणाले आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मीनल गाडीतून उतरली होती, तिने ऐकलं होतं. तिने बापाच्या खिशात हात घातला, तो अख्खा हिरवा खडू काढला आणि त्यांच्या हातात दिला. "करा, बाबा." काका उकिडवे बसले आणि मागच्या दोन्ही चाकांवर खूण केली. खूण काही सरळ आली नाही.

सोमवारी सकाळी काकूंनी मीनलच्या हातावर दही ठेवलं आणि ती गेली. दुपारी ऊन फार, म्हणून कडुनिंबाखालच्या रिकाम्या जागेत मी माझी स्कूटर लावली. संध्याकाळी जाऊन बघतो, तर सीटवर ही मोठी लाल फुली. काका पायरीवर बसले होते.

"हटव गा ते. जागा मीनूच्या गाडीची हाय."

"अहो काका, ती आता पंधरा दिवसांनी येईल."

"मंग पंधरा दिवस हटव."

मी स्कूटर हटवली.