खाली हाडं, वर बायको

आमच्या हिनं साखरेच्या कपाटाला कुलूप लावलं आणि मी चित्रकार झालो. (साखर डॉक्टरांनी बंद केली होती, मी नव्हे.) आठवडाभर भांडल्यावर ही म्हणाली, "चाळीस वर्षं पाट्या रंगवल्यात ना? माझं चित्र काढा. हुबेहूब आलं तर कुलूप काढते."

पहिलं चित्र बघून सूनबाई म्हणाली, "बाबा, आईंना पोत्यात का भरलंत?" ती हाडांच्या दवाखान्यात नर्स. "आधी सांगाडा काढा, मग त्यावर मांस चढवा." आणि सांगाड्याचा तक्ताच घेऊन आली.

मी चौथी पास (तीही मास्तर कंटाळले म्हणून). तरी दोनशे सहापैकी बावीस हाडं पाठ केली आणि हिला स्टुलावर बसवून पडताळायला लागलो.

"अहो, गुदगुल्या होतात! काय शोधताय?"

"गळ्याजवळचं हाड. तक्त्यात आहे, तुझ्यात नाही."

"तीस किलोंपूर्वी होतं. खणा अजून!"

पेन्सिल म्हणजे आम्हा पाटीवाल्यांना कमीपणा. मी थेट काळ्या ऑइलपेंटनं सांगाडा काढला, कवटीपासून गुडघ्याच्या वाट्यांपर्यंत. वरून त्वचेचा रंग. गाल मऊ दिसावेत म्हणून त्यात टर्पेंटाइन जरा सढळ हातानं ओतलं.

"बाबा, आई श्वास घेतायत हो!" सूनबाई ओरडली. ही चक्क लाजली. "उद्या भाऊ येतोय. त्याच्यादेखत कुलूप काढते."

मी चमचा उशाशी ठेवून झोपलो.

सकाळी मेव्हणा आला. मी चित्रावरचं फडकं ऐटीत ओढलं. टर्पेंटाइननं दगा दिला होता! वरचा रंग वाळून विरळ झालेला, खालचा काळा वर आलेला. हिच्या गालांतून दात विचकत होते, फासळ्या लांबूनही मोजता येत होत्या.

"ताई," मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी तुला पोटभर जेवू देतात ना?"

हिनं चित्र उचललं. मग म्हणाली, "काढते कुलूप."

मी चमचा सरसावला. हिनं कुलूप काढलं आणि त्या जागी चित्र टांगलं. "विजेच्या डब्यांवर धोक्याच्या पाट्या रंगवायचात ना? त्यांत ही सगळ्यांत फक्कड!"

तेव्हापासून कपाट उघडंच असतं. परवा धीर करून हात घातला, तर आवाज आला, "सांगा, बाविसांपैकी कुठलं हाड मोडू?"

मला वाटलं, चित्रच बोललं. (तेच बोललं असतं तर बरं झालं असतं.)